शून्याच्या वरची रेघ

त्या दिवशी मी तोलमोरीला गेले होते ती फक्त माझे माईक परत आणायला. एवढंच काम होतं. सकाळी निघताना बाजारातून मावशीसाठी डुकराचं मटण घेतलं, गुडघ्यांना लावायच्या औषधी पट्ट्या घेतल्या, आणि वाऱ्याला शिव्या देत बसमध्ये बसले. जेजूमध्ये, आमच्या या कोरियन बेटावर, शरद ऋतूत वारा कधी पडतच नाही.

तोलमोरीच्या बायका समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढतात. पाठीवर नळकांडं नाही, तोंडात नळी नाही. छातीत मावेल तेवढा एक श्वास, तेवढंच भांडवल. वर आल्या की आत कोंडलेला श्वास ओठांतून शीळ घालत सोडतात. हुईऽऽ... लांब, बारीक. लांबून ऐकलं तर पक्षी वाटतो. प्रत्येकीची शीळ वेगळी, आवाज वेगळा असतो तशी. गावाने जुन्या गोदामात एक प्रदर्शन करायचं ठरवलं होतं. अंधारी खोली, भिंतींवर स्पीकर, आणि एकेका स्पीकरमधून एकेकीची शीळ. ते काम माझ्या स्टुडिओला मिळालं होतं. बायका पोहताना जो नारिंगी तरंगा छातीशी धरतात, त्या प्रत्येक तरंग्याला मी आठवडाभरापूर्वी एकेक छोटा माईक बांधून दिला होता.

मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण सोंग-वॉल, अंगणात शंख निवडत बसली होती. मी तिच्या कानाला हेडफोन लावला आणि एकेकीची शीळ ऐकवली. तिची करमणूक सुरू झाली.

"ही तोक-सुन सामचूनची सून ना? शीळ घालतेय की डुक्कर ओरडतंय?"

"मावशी, ती ऐकेल."

"ऐकू दे. तोंडावर सांगते मी तिला." मग तिची स्वतःची शीळ लागली. ती हसायची थांबली. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. "मी-रान, माझ्या शिळेच्या... मागे काही ऐकू येतं का गं?"

"काय?"

"काही नाही. वारा असेल." आणि तिने शंखांची टोपली पुढे ओढली.

माझा स्टुडिओ शहराच्या जुन्या भागात, तळघरात आहे. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की पाऊस ते कळत नाही. दार लावलं की स्वतःच्या गळ्यातलं गिळणंही ऐकू येतं. तिथे मी आणि गी-जोंग काम करतो. तो माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतो, पण जिभेला हाड नाही. मात्र आवाज साफ करणारे फिल्टर लिहावेत तर त्यानेच. या रेकॉर्डिंगमधला वारा काढायला त्याने खास नवा फिल्टर लिहिला होता.

इथे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आवाज म्हणजे हवेचं मागे-पुढे होणं. संगणकाच्या पडद्यावर तो एका आडव्या रेघेच्या वर-खाली नाचताना दिसतो. ती रेघ म्हणजे शून्य, म्हणजे शांतता. कधी कधी फिल्टर लावल्यावर सगळा आवाजच त्या रेघेवरून उचलला जातो आणि थोडा वर तरंगत राहतो. आम्ही याला ऑफसेट म्हणतो. कानाला तो कळत नाही. पण तुकडे जोडताना टक्‌कन आवाज येतो, आणि स्पीकरचा पडदा मागे-पुढे हलायच्या ऐवजी पुढेच ढकललेला राहतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या धंद्यातलं ते सर्दी-पडसं आहे.

"तुझा फिल्टर उचलतोय," मी म्हणाले. "सगळ्या शिळा शून्याच्या वर गेल्यात."

"माझा फिल्टर? तुझे माईक कुठल्या भंगारातून आणलेस ते आधी सांग."

"मूळ रेकॉर्डिंग बघ. बरोबर शून्यावर आहे. फिल्टर लावला की वर जातं."

त्याने तोंड वाकडं केलं आणि कामाला लागला. फिल्टरमध्ये नुसती शांतता सोडली. शांतता आत, शांतता बाहेर. मग फिल्टरचा एकेक भाग बंद करत गेला. दुपारी नूडल्स खाता खाता त्याला चूक सापडली.

"फिल्टरला मागचं लक्षात ठेवावं लागतं, ताई. आत्ताच्या आवाजात तो मघाच्या आवाजाचा थोडा अंश मिसळतो. तो अंश मी दर वेळी कणभर वरच्या बाजूला सरकवत होतो. कण कण साठत गेला. माझीच चूक. आता बोल, हसून घे."

मी हसले. त्याने दुरुस्ती केली आणि सगळ्या शिळा एकेक करून शून्यावर येऊन बसल्या.

एक सोडून. मावशीची.

आम्ही तिच्या माईकमधून रेकॉर्डिंग पुन्हा उतरवून घेतलं, केबल बदलली, दुसऱ्या संगणकावर तीच फाईल लावली. तीच उंची. गी-जोंगने पूर्ण रेकॉर्डिंग आडवं पसरून दाखवलं. मावशी बुडी मारण्याआधी रेघ शून्यावर होती. ती पाण्याखाली गेली, रेघ वर चढली. ती वर आली, शीळ घातली... रेघ थोडी उतरली. पण शून्यापर्यंत आली नाही. पुढच्या बुडीला पुन्हा तेच.

"माईकला थांबलेली हवा ऐकूच येत नाही," गी-जोंग म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "हवा हलली तर आवाज. आणि हे हलत नाहीये. हे... धरून ठेवल्यासारखं आहे."

"काढून टाक."

तो उपाय सोपा असतो. जे हलत नाही ते सगळं वजा करायचं. त्याने तसं केलं आणि पडद्यावर मावशीची रेघ गुमान शून्यावर आली. मला बरं वाटलं. मोठ्या स्पीकरवर लाव म्हटलं.

समुद्र ऐकू आला. लाटा, तरंग्यावर आपटणारं पाणी. मग मावशीने बुडी मारल्याचा डुबुक आवाज. मी सहज स्पीकरकडे पाहिलं.

त्याचा काळा पडदा पुढे आला होता. संगणकावर रेघ शून्यावर, आणि स्पीकरची छाती मात्र फुगलेली. थरथर नाही, हालचाल नाही. मी जवळ जाऊन त्यावर बोट टेकवलं, हलकेच मागे दाबलं.

त्याने माझं बोट परत ढकललं.

मी हात काढून घेतला. खोलीत आता समुद्राचा आवाजही नव्हता. माझे कान दडपले, खोल पाण्यात गेल्यावर दडपतात तसे. ओल्या खडकाचा, शेवाळाचा वास आला, आमच्या त्या कोरड्या तळघरात. मी गी-जोंगकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चेहरा लाल होत चालला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही कधीपासून श्वास घेतलेला नाही. घ्यायचा आहे हे सुचतच नव्हतं.

मी तशीच वाकून भिंतीतला प्लग खेचला.

आम्ही दोघं धापा टाकत खाली बसलो. स्पीकरची वीज गेलेली होती. तरी पडदा बराच वेळ पुढेच राहिला. मग सावकाश मागे गेला. सुटलेली वस्तू जाते तसा नाही. कुणी आपणहून मान वळवून घ्यावी तसा.

"ताई," गी-जोंग कुजबुजला, "हा माझ्या फिल्टरचा दोष नाही."

दुसऱ्या कुणी काम सोडलं असतं. पण तो मावशीचा माईक होता, आणि मावशी रोज त्याच पाण्यात उतरत होती. मला झोप लागेना. शेवटी मी ठरवलं की समुद्रावरच जायचं, फिल्टर चालू ठेवून, समोर बघत.

वारा थोडा पडला त्या दिवशी आम्ही बायकांच्या नावेतून गेलो. आभाळ खाली उतरलं होतं, पाणी शिशासारखं. मावशीच्या तरंग्याला मी पुन्हा माईक बांधला होता, त्याचा आवाज बिनतारी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर येत होता. माझ्या शेजारी तोक-सुन सामचून बसल्या होत्या. सामचून म्हणजे खरं तर काका, पण आमच्या बेटावर वडीलधारं माणूस बाई असो की बुवा, त्याला सामचूनच म्हणतात. त्यांनी बुड्या मारणं सोडून वर्षं झाली होती. तरी त्या नावेत येत, बायकांवर नजर ठेवायला.

"एवढीशी रेघ बघायला शहरातून आलात?" त्या गी-जोंगला म्हणाल्या. "लग्न केलं असतंस तर बघायला दुसरं काही मिळालं असतं."

गी-जोंग नेहमी उलट बोलला असता. तो नुसता हसला.

बायका पाण्यात उतरल्या. काळ्या पोशाखातल्या पाठी वळल्या, पाय आभाळाकडे झाले, आणि एकेक जण नाहीशी झाली. मावशी गेली तशी माझ्यासमोरची रेघ उचलली गेली. थोड्या वेळाने इकडून तिकडून शिळा उठू लागल्या. मावशीही वर आली, तिची जाडसर, मध्येच तुटणारी शीळ मी लगेच ओळखली. रेघ उतरली. थोडीशी.

"सामचून," मी म्हणाले, "सगळ्या जणी वर आल्या का, बघता?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. ओठ हलवत तरंगे मोजले. "आल्या की. का?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ही रेघ खाली कुणी असलं की वर राहते. अजून... खाली कुणीतरी आहे."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, "हा कुणाच्या तरंग्याचा माईक आहे?"

"मावशीच्या."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "तिच्या पायाखाली कुठला खडक आहे, ठाऊक आहे तुला? तुझ्या आईने सांगितलं नाही कधी?"

आणि मग त्यांनी, पाण्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, मला सांगितलं. मावशी तरुण असताना तिची एक जोडीदारीण होती, ए-शिम. दोघी नेहमी एकत्र बुडी मारत. एक खाली चुकली तर दुसरीने बघायचं, असा नियम. या खडकाच्या कपारीत ए-शिमला मोठा शिंपला दिसला. तिने लोखंडी पाती त्याच्याखाली घातली आणि शिंपल्याने ती दाबून धरली. पातीचा पट्टा मनगटाला बांधलेला. हात सुटेना. मावशीने ओढून पाहिलं, पट्टा कापायचा प्रयत्न केला. मावशीचा श्वास संपत आला. तेव्हा तिने ए-शिमच्या गालाला हात लावला, वर बोट दाखवलं. थांब, मी श्वास घेऊन येते.

"आणि?"

"आली वर. श्वास घेतला, लगेच खाली गेली. तिथे कुणी नव्हतं. पाती नाही, पट्टा नाही, पोरगी नाही. गावाने कित्येक दिवस शोधलं." सामचून पाण्याकडे बघत होत्या. "पाण्यात शेवटी तोंड उघडतंच. ते उघडलं की संपलं. प्रेत वर येतं. पण ए-शिम कधी वर आली नाही. आम्ही म्हाताऱ्या तेव्हापासून एकमेकींत म्हणतो... तिने तोंड उघडलंच नसेल. तिला थांब म्हणून सांगितलं होतं ना."

नावेच्या कडेला ओला हात येऊन पडला. मी किंचाळले. मावशी होती. काचेचा चष्मा कपाळावर सरकवून ती आमच्याकडे बघत होती. तिने किती ऐकलं होतं, कोण जाणे.

"अजून धरून आहे?" तिने मला विचारलं.

"मावशी, यंत्राचा दोष आहे. गी-जोंग, सांग ना तिला."

गी-जोंगने तोंड उघडलं, पण त्याला खोटं बोलता आलं नाही.

"दोष असता तर तू अशी पांढरी पडली नसतीस," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, तेच मला भयंकर वाटलं. "मला रोज वाटतं गं, खाली गेलं की. कुणीतरी शेजारी थांबलंय. बोलत नाही, ओढत नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे बघतंय."

"सोंग-वॉल, वर ये," सामचून म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता नावेत ये."

"येते. सामचून, तिला मी थांब म्हणून आले होते हो." तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, मोठा श्वास भरला, इतका की खांदे वर आले. आणि वळली.

रेघ चढली. पहिल्यांदाच इतकी वर गेली की पडद्याच्या कडेला टेकली.

आम्ही थांबलो. एवढ्या वेळात मावशी नेहमी वर येते, मी मनात म्हणाले. मग तो वेळ उलटला. सामचूननी हाक मारली तशी त्यांची सून आणि आणखी एक बाई बुडी मारून खाली गेल्या. वर आल्या, शिळा घातल्या, मान हलवली.

"पाणी स्वच्छ आहे," सून ओरडली. तिचे दात वाजत होते. "खडक दिसतो, कपार दिसते... सोंग-वॉल सामचून नाही. कुठेच नाही."

पुन्हा गेल्या. पुन्हा रिकाम्या आल्या. नावाड्याने किनाऱ्याला फोन लावला. मी काठावर ओणवी होऊन मावशीला हाका मारत होते आणि माझी हाक मलाच हेडफोनमधून, तिच्या तरंग्यावरून, परत ऐकू येत होती. माणूस एवढा वेळ जगत नाही. हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात गी-जोंगने माझा खांदा दाबला.

रेघ उतरत होती. सावकाश, थांबत थांबत, एखादी मूठ एकेका बोटाने उघडावी तशी. ती शून्याला टेकली, आणि त्याच क्षणी पाण्यावरून शीळ उठली.

हुईऽऽ...

फक्त हेडफोनमध्ये नाही. सगळ्यांनी ऐकली. कोवळी, स्वच्छ, एका दमात उठणारी आणि संपता न संपणारी शीळ, नावेभोवती सगळीकडून. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाचेही ओठ हलले नव्हते. तोक-सुन सामचून दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होत्या. "ए-शिम," त्या म्हणाल्या. "ही ए-शिमची आहे..."

शीळ विरली. मग नावेच्या अगदी शेजारी मावशीचं डोकं वर आलं.

ती वर आली आणि तिने शीळ घातली नाही. धाप टाकली नाही. तोंडही उघडलं नाही. शांतपणे तरंग्याला हात घातला आणि आमच्याकडे पाहून हसली.

इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने सगळं ठीक आहे असं सांगितलं. सांगताना तो मावशीकडे न बघता आपल्या स्टेथोस्कोपकडे बघत होता, आणि त्याने तीच तपासणी दोनदा केली. मावशीला त्याच दिवशी घरी सोडलं. प्रदर्शनही झालं. तिच्या स्पीकरला आम्ही जुनी शीळ लावली. ती आता मुकाट शून्यावर बसते. गी-जोंगने तो फिल्टर पुसून टाकला.

मावशी अजून बुड्या मारते. पूर्वीपेक्षा जास्त वेळ खाली राहते, टोपली भरून आणते.

परवा मी तोलमोरीला गेले होते. हाडं गोठवणारी थंडी होती. बायका समुद्रातून येऊन दगडी आडोशात शेकोटीभोवती बसल्या होत्या, रताळी भाजत. मी मावशीसमोर बसले. तीच नेहमीची कलकल, तेच टोमणे. बोलणाऱ्या प्रत्येक तोंडातून पांढरी वाफ निघत होती. माझ्या तोंडातूनही.

मावशी माझ्याशी बराच वेळ बोलली. गुडघे आता दुखत नाहीत म्हणाली. कधी लग्न करणार म्हणून गी-जोंगला विचार म्हणाली, मोठ्याने हसली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या हसण्यातून काहीच निघत नव्हतं. तिच्यामागचा दगड स्वच्छ दिसत होता.

मी काहीतरी विचारायला गेले, आणि आडोशातलं सगळं बोलणं एकदम थांबलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तोक-सुन सामचूननी एक सोललेलं रताळं माझ्या हातात ठेवलं, माझी बोटं त्याभोवती मिटवली, आणि हळूच मान हलवली... नको.

"खा ना गं," मावशी म्हणाली. "गार होतंय."